भल्ली लाट

बाबांनी मला आयुष्यात एकदाच काही मागितलं आणि मी नाही म्हटलं. ते सांगायचं तर आधी गाडीचं सांगावं लागतं, आणि गाडीचं सांगायचं तर माझ्या खुळाचं.

मी वर्धा जिल्ह्यातल्या अल्लीपूरची. आमच्याकडे बाईमाणूस पोहायला शिकलं तरी लोक वळून बघतात. मी विंडसर्फिंग शिकून आले. त्याआधी बी.एड. करून नोकरी मिळेना म्हणून गोव्यात एका हॉटेलात चार वर्षं काढली होती, आणि तिथे सुट्टीच्या दिवशी किनाऱ्यावर बसून बसून कंटाळले तेव्हा एका माणसानं हातात शीड दिलं. पायाखाली फळी, हातात शीड, आणि वारा नेईल तिकडे न जाता आपल्याला हवं तिकडे जायचं. पहिले दोन महिने मी फक्त पडले. नंतर पडणं कमी झालं, आणि मग त्यातच बुडाले.

आई गेली. मी एकुलती एक. बाबांना एकटं ठेवायचं नाही म्हणून गोवा सोडून परत आले आणि देवळीच्या एका शाळेत भूगोल शिकवायला लागले. सामान म्हणून दोन बॅगा आणि एक आठ फुटी फळी आणली. ती फळी एसटीच्या टपावरून आली आणि बाबांनी ती स्वतः उतरवून घेतली, कारण टपावरचं सामान कसं उतरवतात ते त्यांच्याइतकं कुणाला कळणार? तीस वर्षं त्यांनी एसटी चालवली होती.

रविवारी आम्ही जवळच्या धरणावर जायचो. वारा असला तर मी पाण्यात, बाबा काठावर बाभळीखाली. गुरं चारणारे, मासे धरणारे गोळा व्हायचे. शीड हा शब्द आमच्याकडे कुणाला कशाला ठाऊक असेल. "मास्तरीण ताडपत्री घेऊन पाण्यात काऊन जाते जी?" असं एकानं विचारलं आणि मी पंचक्रोशीत ताडपत्रीवाली मॅडम झाले. कापूस झाकायची ताडपत्री ही बाई पाण्यात उभी धरते, एवढंच त्यांना दिसायचं. बाबांना ते झोंबायचं. ते उठून समजावून सांगायचे, "ताडपत्री नोहे ते. इंजिन हाय तिचं."

मला ते फार आवडायचं. इतक्या वर्षांत शिडाची इतकी सरळ व्याख्या मला कुणी दिली नव्हती.

पण धरणाचं पाणी म्हणजे थाळीतलं पाणी. मला समुद्र हवा होता, तोही उसळता. पावसाच्या आधी, मेच्या शेवटी, कोकणात समुद्र फुगायला लागतो आणि दुपारी वायव्येकडून वारा सुटतो. तेव्हा किनाऱ्यापासून आत जाताना फुटत्या लाटा ओलांडायच्या, आत वळायचं, आणि येताना एखादी चांगली लाट हेरून तिच्या उतारावरून फळी खाली सोडायची. हे मी बाबांना जेवताना सांगितलं. ते घास थांबवून ऐकत होते.

"म्हणजे घाटच झाला ना वं तो."

"तसंच काहीतरी."

"ब्रेक कुठी असते त्याले?"

"ब्रेक नाई बाबा."

जन्मभर सपाटीवर गाडी चालवलेला माणूस तो. त्यांना समुद्राचं फारसं अप्रूप नव्हतं, घाटाचं होतं. कोल्हापूरहून गगनबावड्याचा घाट उतरून एकदा तरी गाडी कोकणात न्यायची, हे त्यांनी निवृत्तीच्या कितीतरी आधीपासून मनात धरलं होतं. त्या बाजूच्या डेपोतला कुणी ड्रायव्हर भेटला की ते त्याला वळणं विचारायचे.

मग त्यांनी एक जुनी शाळेची व्हॅन घेतली. पिवळी. मुलांच्या सीटा काढल्या, खालचा पत्रा सारखा केला आणि हिवाळाभर तिच्यात घर बसवलं. शेगडीला फळी, माठाला कडं, खिडक्यांना जाड पडदे, ओले कपडे टाकायला मागच्या दाराला आकडे. आणि निवारीच्या दोन बाजा. एक माझी, एक त्यांची. समोरासमोर, मध्ये पाऊल ठेवण्यापुरती जागा. त्यांच्या बाजेची लांबी कमी पडत होती म्हणून ते पाय पोटाशी घेऊन झोपून बघायचे आणि म्हणायचे, "पुरते."

मला दोन बाजा नको होत्या. आता लिहूनच टाकते. मला कोकणात एकटीनं जायचं होतं. सकाळी कुणी चहा विचारणार नाही, दुपारी कुणी काठावर काळजी करत बसणार नाही, पडले तर कुणी धावत येणार नाही, असा एक महिना हवा होता. आई गेल्यापासून सहा वर्षं मी मुलगी, शेजारीण, मॅडम सगळं झाले होते. एक महिना मला कुणाचंच कुणी व्हायचं नव्हतं. यात पाप नाही असं तेव्हा वाटायचं. आता काय वाटतं ते विचारू नका.

एप्रिलमध्ये बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. मोतीबिंदू. डॉक्टर म्हणाले, महिनाभर धूळ आणि ऊन टाळा. मी त्या वाक्याला अशी लोंबकळले की काय सांगू. घरी आल्यावर म्हटलं, "बाबा, या वर्षी तुम्ही राहा. खारा वारा डोळ्याले बरा नाई. पुढच्या वर्षी दोघं जाऊ."

डॉक्टर खाऱ्या वाऱ्याबद्दल एक अक्षर बोलले नव्हते. ते मी घातलं.

बाबांनी वाद घातला नाही. वाद घालणारा माणूस मला परवडला असता. दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर ते व्हॅनमध्ये वाकून बसलेले, हातात पाना. त्यांच्या बाजेचे नट काढत होते.

"राहू द्या ना, अडते काय ते?"

"अडते. तुले शिडं ठेवाले जागा पायजे." पहिल्यांदाच त्यांनी शीड म्हटलं. कुठून ऐकून ठेवलं होतं कोण जाणे.

शाळेला सुट्टी लागली आणि मी निघाले. फळी टपावर, बैलगाडीच्या नाड्यानं करकचून बांधलेली. गाठी बाबांच्या. "ऑइल पाहत जाजो. घाटात न्यूट्रल करू नको. चढणाऱ्याले आधी जाऊ देजो." एवढं सांगून ते फाटकाशी उभे राहिले. मी आरशात पाहिलं नाही. गाडी वळवायची होती, हे खरं आहे, पण ते कारण नव्हतं.

यवतमाळ, नांदेड, लातूर, सोलापूर, कोल्हापूर. तिसऱ्या दिवशी मी गगनबावड्याचा घाट उतरले. सांगायला लाज वाटते, पण मला तो उतरताना बाबांची आठवण सुद्धा आली नाही. मी घाबरले होते आणि खूश होते, आणि दोन्हींत माणसाला दुसरं कुणी दिसत नाही.

देवगडच्या खालच्या एका गावात सुरूच्या बनाशी गाडी लावली. तिथे गोव्याहून आलेले चौघं होते माझ्यासारखेच खुळे. समोर वाळू, वाळूपुढे समुद्र. सकाळी तो शहाण्यासारखा पडून असायचा आणि दुपारी दोननंतर वारा धरला की उठायचा. पहिल्या चार दिवसांत लाटांनी मला धुतलं. शीड तोंडावर, फळी पाठीवर, नाकात वाळू. पाचव्या दिवशी एक लाट मिळाली. मी तिच्या माथ्यावर होते, वारा पाठीशी होता, आणि फळी खाली सुटली. किती वेळ? दहा सेकंद असतील. मी ओरडत होते आणि मला माझाच आवाज ऐकू येत नव्हता. आयुष्यात इतकी हलकी मी कधीच झाले नव्हते, आणि पुढे होईन असं वाटत नाही.

बाबांचा फोन बटणांचा, म्हणून व्हिडिओ मी शेजारच्या काकूंच्या फोनवर पाठवायचे. काकू आमच्या भिंतीला भिंत लावून राहतात, आईच्या जागी. त्या बाबांना दाखवायच्या. संध्याकाळी बाबांचा फोन यायचा. लाटांबद्दल ते काही विचारायचे नाहीत. "हवा चेक केली का? पट्टा आवाज करते का? जेवली का?" मी हो हो म्हणायचे आणि ओळीनं लाटांचंच सांगत सुटायचे. आज लाट अशी होती, आज लाट तशी होती. दहा-अकरा दिवस माझ्या तोंडी दुसरा शब्द नव्हता.

अकराव्या दिवशी समुद्र चांगलाच फुगला. आमच्यातल्या एकानं माझा त्या मोसमातला सगळ्यात चांगला व्हिडिओ काढला. मी तो काकूंना पाठवला आणि चहा करत बसले. पाचच्या सुमारास बाबांचा फोन आला. त्या फोनमधलं प्रत्येक वाक्य मला पाठ आहे. ते जसं झालं तसं लिहिते.

"आवाज येते का वं?"

"येते ना बाबा, बोला."

"भल्ली लाट हाय."

"हो ना! पाहिली ना तुम्ही?"

"पाहूनच राह्यलो ना चार दिवसांपासून."

"मंग? कशी वाटली?"

"कशी वाटन. मले सोसत नाई आता."

मी हसले. मला वाटलं, मुलीला एवढ्या पाण्यात बघवत नाही म्हणतात. म्हटलं, "मंग पाहू नका ना."

मग ते म्हणाले, "मी येऊ का तिकडं?"

ते ट्रेननं येणार, मी न्यायला जाणार, मग बाज, चहा, काठावर बसणं, माझा महिना संपला. हे सगळं एका क्षणात माझ्या डोक्यातून गेलं आणि तोंडातून लगेच निघालं, "नका येऊ बाबा. इतक्या लाटेत तुम्ही कायले येता? घरीच राहा गुपचूप."

"बरं," ते म्हणाले. "जेवजो टायमावर."

फोन ठेवला. मी चहा गाळला. चहा चांगला झाला होता, तेही आठवतं.

वर्धेच्या कुठल्याही शेंबड्या पोराला विचारा, लाट म्हणजे काय. ते पाण्याचं नाव घेणार नाही. आमच्याकडे लाट एकच, ती मे महिन्यात येते. तिच्यासाठी शाळा लवकर सुटतात, ग्रामपंचायतीचा भोंगा गावभर सांगत फिरतो की लाट आहे, दुपारी घराबाहेर पडू नका. बाया विचारतात, "लाट गेली का?" आणि सगळ्यांना कळतं. मी तर भूगोल शिकवते. उष्णतेची लाट म्हणजे काय, तिची लक्षणं कोणती, हे दर मार्चमध्ये मी फळ्यावर लिहिते आणि पोरांकडून पाठ करून घेते. अकरा दिवस समुद्रात काढले आणि मी माझ्या गावाचा शब्द विसरले.

काकूंचा नेटपॅक संपलेला होता. तो व्हिडिओ अल्लीपुरात कुणीच पाहिला नव्हता.

दोन दिवसांनी दुपारी साडेतीनला काकूंचा फोन आला. वारा चढलेला होता, मी शीड लावत होते. काकू नीट बोलत नव्हत्या. बाबा मागच्या टिनाच्या खोलीत पडलेले सापडले. अंग तव्यासारखं तापलेलं, घामाचा टिपूस नाही, आणि बडबड चालू. "गाडी तापली, पानी टाका, गाडी तापली." काकूंना आणि माझ्या चुलतभावाला वाटलं व्हॅनबद्दल बोलताहेत. त्यांनी ओल्या चादरीत गुंडाळलं, गाडीत घातलं आणि वर्ध्याला निघाले. मी किनाऱ्यावर फोन धरून उभी राहिले. तासाभरानं चुलतभावाचा फोन आला. रस्त्यातच झालं होतं.

"ताई, सांग काय करायचं," तो म्हणाला. "तुह्यासाठी थांबलो असतो. पण इथलं ऊन... उद्यापावेतो ठेवता नाई येत."

मी म्हटलं, "नका थांबू. तू अग्नी दे."

हे वाक्य मी उभ्या उभ्या बोलले. अंगावर ओले कपडे होते. तिथल्या चौघांनी माझी फळी टपावर चढवून दिली. त्यांना ती बांधता येईना, नाड्याची गाठ कुणाला जमेना. मग मीच मारली, जशी जमेल तशी, आणि निघाले. घाट चढताना रडले. पुढचा रस्ता मला आठवत नाही. पेट्रोल भरलं असणार, कुठे तरी थांबले असणार.

दुसऱ्या दिवशी चारला अल्लीपूरला पोचले. रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. घरात बायका बसल्या होत्या, पुरुष ओसरीवर. मी सरळ मागच्या खोलीत गेले. बाज तशीच होती, उशाशी वाळलेला दुपट्टा, पाण्याचा एक रिकामा गडवा. खिडकीत कूलरची नुसती पेटी होती. आत मोटर नाही.

"जळली ना मोटर," काकू मागून म्हणाल्या. "भराले देली हिंगणघाटले. तो म्हणे आठ दिवस लागतीन, सगळ्यायच्याच जळून राह्यल्या. म्या किती म्हटलं, आमच्या घरी येऊन झोपा, आमचा कूलर चालू हाय. नाई म्हणे. लोकायच्या घरी काऊन झोपू म्हणे."

हे बाबाच. तहान लागली तरी दुसऱ्याच्या दारात पाणी न मागणारे. ड्युटीवर असताना सुद्धा घरून भरून नेलेलंच पाणी प्यायचे.

"मंग म्याच म्हटलं," काकू म्हणाल्या, "पोरगी तिकडं समुद्रावर हाय, थंड हवेत. तिच्याकडं जा ना आठ दिवस. दोन दिवस नाई नाई केलं. मंग म्हणे, विचारून पाहतो."

मी बाजेवर बसले.

"तू बरोबर सांगतलं माय त्यायले. लाटेत निघू नका म्हणून. त्यायले बरं वाटलं. मले येऊन सांगतलं न, पोरगी नाई म्हणते, इतक्या लाटेत निघू नका म्हणते. मले एवढंसं झालं तरी तिले घोर लागते म्हणे. काय करन, जीवच लय तिचा माह्यावर."

मला वाटलं मी बोलेन. तोंड उघडलं होतं. काकू माझ्या पाठीवरून हात फिरवत होत्या, त्यांचे डोळे सुजलेले होते, आणि बाहेर बायका आमच्याकडे बघत होत्या. सांगायचं काय? की मी पाण्याच्या लाटेबद्दल बोलत होते? की तेही निमित्त होतं, आणि फोनवर लाटेचा गोंधळ झाला नसता तरी मी दुसरं काही काढलं असतं? डोळ्याचं काढलं होतं तसं. मला शपथेवर सांगता येत नाही की नीट कळलं असतं तर मी या म्हटलं असतं. म्हटलं असतं बहुतेक. कूलर जळलाय हे कळलं असतं तर नक्की. पण ते कळायला एक प्रश्न विचारावा लागतो. कसे आहात, हा. अकरा दिवसांत मी तो विचारला नव्हता. पट्ट्याचं, हवेचं, जेवणाचं बाबाच विचारत होते, मी नुसती सांगत होते.

तोंड मिटलं.

तेरवीला सगळा गाव जेवला. बाबांबरोबर वीस वर्षं ड्युटी केलेले एक कंडक्टर काका देवळीहून आले होते. ते सुद्धा तेच म्हणाले, त्यांनाही बाबांनी फोन करून सांगितलं होतं. दोन दिवसांत बाबांनी कुणाकुणाला सांगितलं, मला माहीत नाही. मला भेटणारा प्रत्येक जण ते वाक्य मला परत देत होता, समजूत म्हणून. तुह्यात काही कसर नाई पोरी. तू तर बजावलं होतं.

पंगती उठल्यावर बायका मागच्या अंगणात भांडी घासत होत्या. काकूंची सून नवीन, याच वर्षी आलेली. तिच्या माहेरी तिचे वडील एकटे असतात. काकू तिला सांगत होत्या, "बापाले फोन करत जा वं. हिच्याकडं पाय. एवढ्या दुरून, समुद्रावरून, बापाले सांगतलं हिनं का लाटेत घराबाहेर निघू नका म्हणून. पोरगी असावं त असं." आणि मग माझ्याकडे वळून, हातातली राख झटकत, "सांगतलं होतं ना वं तू?"

सून माझ्याकडे बघत होती.

"हो," मी म्हटलं. "सांगतलं होतं."